ब्रेक मऊ लागतोय? निपल सोडण्याआधी पेडल काय सांगतंय ते ऐका

ब्रेक दाबल्यावर पायाला टेकू लागला पाहिजे. सुरुवातीचं थोडं अंतर मोकळं जातं, मग पॅड डिस्कला टेकल्याचं कळतं, आणि तिथून पुढे पाय रेटला तरी पेडल फारसं खाली जात नाही. गाडी तेवढी जास्त दबून थांबते. पेडल मऊ झालं की हा टेकूच नाहीसा होतो. पाय आत आत जात राहतो, ओल्या गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि गाडी थांबते खरी, पण नेहमीपेक्षा चार हात पुढे.

यावर सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर असतं: ‘हवा धरलीय, काढून टाका.’ म्हणजे चाकापाशी असलेली निपल, हवा बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, उघडून हवा जाऊ द्या. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण ब्रेकची यंत्रणा चारी बाजूंनी बंद असते, तिच्यात हवा वाट चुकून येत नाही. एक तर कुणीतरी ती उघडली, नाही तर कुठून तरी गळतंय, नाही तर आतलं ऑइल उकळून त्याची वाफ झाली. यातलं काय झालं हे न शोधता नुसती हवा काढली, तर आठवडाभर पेडल छान लागतं आणि मग पुन्हा मऊ. कधी कधी तर हवा मुळात नसतेच, आणि माणूस लिटरभर ऑइल वाया घालवून बसतो. म्हणून हत्यारं नंतर काढा, आधी पेडल.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी. पेडल जमिनीला टेकत असेल किंवा ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी रोज उतरत असेल, तर ती गाडी ‘हळूहळू’ चालवत कुठेही नेऊ नका. ओढून न्या, नाही तर जागेवरच दुरुस्त करा.

बुडबुड्याचा हिशोब

पेडल ही एक तरफ आहे. पायाचा जोर ती साधारण चार ते सहा पट करते, बूस्टर त्यात इंजिनच्या व्हॅक्यूमची भर घालतो आणि तो सगळा जोर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर येतो. पिस्टन ऑइल ढकलतो, ऑइल पाइपांतून चारी चाकांपर्यंत दाब नेतं. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. सगळा घोळ एवढाच.

पण किती हवेने किती फरक पडतो, हे एकदा आकड्यांत बघण्यासारखं आहे. समजा मास्टर सिलिंडरचा आतला व्यास २२ मिलिमीटर आहे, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास ३.८ चौरस सेंटीमीटर. आत फक्त १ घन सेंटीमीटर हवा राहिली, तर ती दाबून टाकायलाच पिस्टनला अडीच मिलिमीटरहून जास्त पुढे जावं लागतं. पेडलची तरफ पाच पट धरली, तर पायाखाली ते अंतर होतं १३ मिलिमीटर! चमचाभरही नाही एवढी हवा पेडल बोटभर खाली बसवते. हवा काढताना ‘आता एखादाच बारीक बुडबुडा येतोय, चालेल’ असं वाटू लागलं की हा आकडा आठवा.

मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन असतात आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा असतो. बऱ्याच गाड्यांत एक मार्ग पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक मार्ग फुटला तरी दुसऱ्याने गाडी थांबते, फक्त पेडल खूप खाली जातं. अचानक खोल गेलेलं पेडल म्हणूनच हलक्यात घ्यायचं नाही. अर्धे ब्रेक गेल्याचीच ती खूण असू शकते.

पायाने निदान

गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, इंजिन बंद करा आणि पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडा. त्यामुळे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि तुमच्या पायाला थेट ऑइल कळू लागतं. मग पेडल हळू दाबा.

इथे नवशिक्यांची एक गफलत हमखास होते. पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू केलं की पेडल किंचित खाली सरकतं. तो बिघाड नाही. बूस्टर कामाला लागला एवढाच त्याचा अर्थ. इंजिन चालू असताना उभ्या गाडीत जोर लावून पेडल रेटत बसलात, तर ठणठणीत ब्रेकही थोडे मऊच वाटतील.

आता दोन-तीनदा भराभर पंप मारा. पेडल वर आलं, पण वर येऊनही स्प्रिंगसारखं लवतंय, तर आत हवा आहे. पेडल वर आलं आणि वर आल्यावर चांगलं कडक लागतंय, फक्त पहिल्याच दाबाला खोल जातंय, तर ती हवा नव्हे, अंतर आहे. शू (ड्रमच्या आतून दाबले जाणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमपासून किंवा पॅड डिस्कपासून जास्त लांब बसलेत आणि पहिला दाब ते अंतर कापण्यातच खर्च होतोय. मागे ड्रम ब्रेक असतील तर याची सोपी खातरजमा करता येते. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल लगेच वर आणि कडक लागलं, तर दुखणं मागच्या शूंच्या ॲडजस्टमेंटचं आहे. अशा गाडीची हवा दहादा काढली तरी काही फरक पडणार नाही.

पुढची चाचणी संयमाची. इंजिन चालू ठेवून पेडलवर मध्यम, एकसारखा जोर द्या आणि मिनिटभर पाय हलवू नका. पेडल पायाखालून हळूहळू, लिफ्ट उतरावी तसं खाली जात असेल, तर दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर ओल सापडली तर गळती. कुठेच ओल नाही, टाकीतली पातळीही तीच, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय: ऑइल पिस्टनच्या कडेने मागे पळतंय आणि पुन्हा टाकीतच येतंय.

पंप मारा किंवा धरून ठेवा, पेडल कायम एकसारखंच लवचीक, खाली बसत नाही आणि वरही येत नाही, हा प्रकार जरा फसवा. यात काहीतरी वाकतंय किंवा फुगतंय. जुने रबरी होज दाबाखाली फुगतात. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, सरक-पिना जाम झाल्या की कॅलिपर तिरका ओढला जातो, पॅड एका टोकाला जास्त झिजतात आणि पेडल दाबलं की आधी ते तिरके पॅड सरळ होतात, मग ब्रेक लागतो. नुकतेच नवे पॅड घातले असतील तर तेही काही दिवस थोडे मऊ लागतात, कारण डिस्कचा पृष्ठभाग आणि पॅड अजून एकमेकांशी जुळलेले नसतात.

वळणावरून बाहेर पडल्यावर पहिला ब्रेक खोल जातो आणि दुसरा नीट लागतो, अशी तक्रार असेल तर व्हील बेअरिंग बघा. बेअरिंगमध्ये खेळ असला की वळणावर डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. चाक उचलून वर आणि खाली हात धरून हलवा. खटखट लागली तर चोर सापडला.

राहता राहिला उतारावरचा प्रकार. सकाळी पेडल उत्तम, घाट उतरताना मध्यावर मऊ, आणि गाडी गार झाली की पुन्हा उत्तम. हे ऑइल उकळल्याचं लक्षण. याची गल्लत पॅड तापण्याशी करू नका. पॅड तापून निकामी होतात तेव्हा पेडल कडकच राहतं, गाडी मात्र थांबत नाही.

मग डोळ्यांनी

बॉनेट उघडा आणि टाकी बघा. पॅड झिजतील तशी पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरते, ते ठीक. काही दिवसांत उतरली तर गळती आहेच. ऑइलचा रंग फिकट मधासारखा हवा. चहासारखा काळपट झाला असेल तर कारण काहीही असो, ते बदलायचंच.

प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. कॅलिपरच्या पिस्टनभोवती ओल, टायरच्या आतल्या भिंतीवरून उतरलेले ओघळ, ड्रमच्या मागच्या प्लेटच्या खालच्या कडेला काळा चिकट ओलावा, असं काही दिसतंय का? ड्रम काढलात तर व्हील सिलिंडरची (शूंना बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपी बोटाने जरा उचला. आत दमटपणा ठीक, पण ऑइल बाहेर ओघळलं तर सिलिंडर बदला, आणि ऑइल प्यायलेले शूसुद्धा. ते कितीही धुतले तरी पुन्हा नीट पकडत नाहीत. आतली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात जाण्याच्या लायकीची नाही.

होज हातात धरून वाकवा, भेगा बघा. मग जोडीदाराला पेडल दाबायला सांगा आणि होज बोटांत धरून ठेवा. फुगत असेल तर कळतं.

गळती कुठेच दिसत नाही आणि पातळी तर उतरतेय, अशा वेळी संशय बूस्टरवर. मास्टर सिलिंडरचं मागचं रबर गेलं की ऑइल बाहेर न येता बूस्टरच्या पोटात जातं. मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो पाइपांसकट जरासा पुढे ओढला आणि मागचं तोंड ओलं दिसलं, की शोध संपला.

एवढं करूनही उमजत नसेल तर होज चिमटून बघण्याची युक्ती आहे. त्यासाठी गुळगुळीत, गोल जबड्यांचे खास क्लॅम्प मिळतात, तेच वापरा. दातेरी पकडीने होज चिमटलात तर आतला थर कापला जाईल, आणि धातूच्या जाळीचे होज तर चिमटायचेच नाहीत. सगळे होज चिमटून पेडल दाबा. दगडासारखं कडक लागलं, तर मास्टर सिलिंडर आणि वरचे पाइप निर्दोष. मग एकेक क्लॅम्प काढत जा. प्रत्येक चाकाला पेडल थोडं उतरेलच. ज्या चाकाला एकदम धपकन उतरलं, तिथे जा. सगळे होज चिमटूनही पेडल मऊच असेल तर चाकांकडे बघू नका. दोष मास्टर सिलिंडरमध्ये आहे किंवा एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) ब्लॉकपर्यंतच्या भागात हवा आहे.

ऑइल, जे ऑइल नाही

सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, मीही म्हणतो, पण या नावाने पुष्कळ गाड्यांचं वाटोळं केलंय. ते खनिज तेल नाही, ग्लायकॉल जातीचं द्रव आहे. नाव ऐकून कुणी टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं, तर आतली सगळी रबरं फुगून पिचपिचीत होतात. मग हवा काढणं वगैरे काही उरत नाही. रबर असलेला प्रत्येक भाग बदलून पाइप धुवावे लागतात.

टाकीच्या झाकणावर ग्रेड लिहिलेला असतो. कोरं, ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० आणि डॉट ५.१ किमान २६० अंशांपर्यंत. पण हे द्रव हवेतलं पाणी शोषतं. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० अंशांवर येते. लांब उतारावर कॅलिपर तेवढे सहज तापतात. म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. हे तीनही ग्रेड एकमेकांत मिसळले तरी चालतात, फक्त गाडीला सांगितलेल्या ग्रेडपेक्षा खालचा घालू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं आणि वरच्या तिघांत कधीच मिसळायचं नाही. ५ आणि ५.१ यांत फरक फक्त एका टिंबाचा दिसतो, पण ती दोन अगदी वेगळी द्रवं आहेत.

बाटली सीलबंद हवी. कपाटात वर्षभर अर्धी राहिलेली बाटली, कितीही स्वच्छ दिसो, नको. आणि हे द्रव रंग खातं. बॉनेटवर किंवा मडगार्डवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसून ते पसरतं.

हवा काढताना

गळती सापडली असेल तर आधी ती दुरुस्त करा. मग हवा.

निपल गंजलेली असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सोडताना बंद तोंडाचा, सहा कोनांचा रिंग पाना किंवा सॉकेट वापरा. उघड्या फिक्स पान्याने कोपरे गोल होतात आणि मग ती निपल तुटूनच बाहेर येते. सुटत नसेल तर हलकेच घट्ट करायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं आलटून पालटून डुलवा. निपल आतून पोकळ असते, तिची ताकद किती ते पाहून जोर लावा.

गाडी जॅकवर उचलून घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. टाकी वरच्या रेषेपर्यंत भरा आणि झाकण नुसतं ठेवून द्या. निपलवर पारदर्शक नळी बसवा आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. बाटली निपलपेक्षा उंचीवर टांगता आली तर आणखी छान. बुडबुडे तसेही वर चढतात, नळीतून वरच जातील.

कुठल्या चाकापासून सुरुवात? जुना नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, सर्वांत जवळचं शेवटी. तिरके मार्ग असलेल्या काही गाड्यांत क्रम वेगळा असतो. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला क्रम या नियमापेक्षा मोठा.

आता दोघांचं काम. आत एक जण, चाकापाशी एक जण, आणि शब्द ठरवून घ्या. माझ्याकडे तीनच शब्द चालतात.

१. चाकापाशी बसलेला म्हणतो, ‘दाब.’ आतला पेडल सावकाश दाबतो, जोर कायम ठेवतो आणि मोठ्याने सांगतो, ‘धरलंय.’

२. चाकापाशी बसलेला निपल पाव ते अर्धा फेरा उघडतो. ऑइल नळीत येतं, पेडल खाली जातं. आतल्याने जोर सोडायचा नाही.

३. पेडल तळाला पोचण्याआधी निपल बंद. बंद झाल्यावरच ‘सोड’ म्हणायचं.

४. पेडल सावकाश वर येऊ द्या, दोन-तीन सेकंद थांबा आणि पुन्हा ‘दाब.’

सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या पायरीला होतो. निपल उघडी असताना आतल्याने पाय उचलला, तर नळीतून आणि निपलच्या आट्यांतून हवा परत आत ओढली जाते, आणि तुम्ही तासभर त्याच बुडबुड्याला आत-बाहेर करत राहता. भराभर पंप मारत राहणंही चुकीचं. ऑइल घुसळलं जाऊन मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक बुडबुडे होतात आणि ते सहजी निघत नाहीत.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल अगदी तळाला जाणार नाही. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या शेवटच्या भागात कधी जातच नाही, तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. हवा काढताना पेडल जमिनीपर्यंत दाबलं की नाजूक रबर त्या खडबडीत भागावरून घासत जातं, आणि चांगला चाललेला मास्टर सिलिंडर त्याच दिवशी दगा देतो.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघा. टाकी एकदा रिकामी झाली की वरून नवी हवा आत, आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून. नळीतून स्वच्छ, फिकट ऑइल बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत एक चाक सोडायचं नाही. चारी चाकांचं जुनं ऑइल पूर्ण बदलायला एक लिटर साधारणपणे पुरतं. शेवटी निपल मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला घट्ट करा. तो आकडा छोटाच असतो. पान्यावर अंगाचा भार टाकायचा नाही.

जोडीदार नसेल तर व्हॅक्यूम पंप किंवा टाकीवर बसवायचा प्रेशर पंप चालतो. व्हॅक्यूम पंपाने नळीत बुडबुडे येतच राहिले तर लगेच घाबरू नका, बहुतेक वेळा ती निपलच्या आट्यांतून ओढली गेलेली बाहेरची हवा असते. काहीच नसेल तर निपल उघडून ऑइल आपसूक ठिबकू द्यायची पद्धतही आहे. वेळ खाते, पण काम करते. माझी पसंती मात्र दोन माणसांनाच. पेडल कडक होत जाताना आतल्याला पायाखाली कळत जातं, ते पंपाने कळत नाही.

माझा लिटरभर मूर्खपणा

पहिल्यांदा पुढचे दोन्ही कॅलिपर स्वतः काढून रबरं बदलली, तेव्हाची गोष्ट. सगळं जोडलं, हवा काढायला बसलो. नळीत बुडबुडे येईनात, ऑइल काचेसारखं स्वच्छ, आणि पेडल मात्र लोण्यासारखं. पुन्हा काढली. आणखी अर्धी बाटली संपली. मास्टर सिलिंडर गेला असं ठरवून नवा आणायला निघालोही होतो. हात पुसताना सहज कॅलिपरकडे नजर गेली, तर निपल खालच्या अंगाला! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. दोन्ही बाजूंना बोल्ट अगदी बिनतक्रार बसतात, हीच त्यातली खोच. हवा वरच्या कोपऱ्यात सुखाने बसलेली आणि मी खालून ऑइल उपसतोय. बाजू बदलल्या, दहा मिनिटांत पेडल कडक. तेव्हापासून कॅलिपर बसवला की आधी बघतो: निपल सगळ्यात वर आहे ना?

हवा नसेल तेव्हा

मागच्या ड्रमची ॲडजस्टमेंट करायची असेल तर हँडब्रेक पूर्ण सोडा, त्याची केबलही सैल करा. चाक उचलून, मागच्या प्लेटमधल्या भोकातून दातेरी चक्री स्क्रूड्रायव्हरने फिरवा, चाक अडकेपर्यंत. मग पेडल दोन-तीनदा जोरात दाबा, म्हणजे शू मध्यावर बसतात. आता चक्री मागे घेत जा, चाक अगदी हलकं घासत मोकळं फिरेपर्यंत. दोन्ही बाजूंना सारखंच. आपोआप ॲडजस्ट होणारी रचना असूनही अंतर वाढलं असेल, तर ती गंजून अडकली आहे. साफ करून मोकळी केली नाही तर काही महिन्यांत तुम्ही पुन्हा याच भोकापाशी बसाल. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. केबल ओढून शूंचं अंतर लपवणं हा आळशीपणा आहे.

सरक-पिना जाम असतील तर काढून घासून स्वच्छ करा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलंत तर पिनांची रबरं फुगून त्या पुन्हा जाम होतील.

पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्या वेळी होज चिमटून निपल किंचित उघडा आणि कॅलिपरमधलं घाण ऑइल नळीवाटे बाहेर जाऊ द्या; वर मास्टर सिलिंडरकडे आणि एबीएसकडे परत पाठवू नका. नंतर निपल आधी बंद करा, मग होजचा क्लॅम्प काढा. पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिला दाब रिकामाच जातो, आणि तो रस्त्यावर कळला तर उशीर झालेला असतो.

मास्टर सिलिंडर बदलत असाल तर नवा थेट गाडीत बसवू नका. वाइसमध्ये आडवा, समतल धरा, टाकी भरा, बाहेर पडणाऱ्या तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा. बोथट दांड्याने पिस्टन थोडा थोडा ढकला, बुडबुडे थांबेपर्यंत. हे न करता बसवलेल्या मास्टर सिलिंडरची हवा चाकांपाशी काढायला दिवस जातो.

एबीएस असलेल्या गाडीत नेहमीची हवा नेहमीच्याच पद्धतीने निघते. पण टाकी पूर्ण कोरडी पडून हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरली किंवा तो ब्लॉकच बदलला, तर आतल्या बंद झडपांमागे हवा अडकून राहते. स्कॅन टूलने त्या झडपा आणि पंप चालवून मगच ती निघते. हे यंत्र घरी नसेल तर इथे थांबा आणि गाडी ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडे ओढून न्या.

चाकं बसवल्यावर

इंजिन चालू करा, पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. खाली बसत नाही ना? जोडीदाराने तेवढ्यात चारी निपल आणि उघडलेले सगळे सांधे कोरडे आहेत का ते बघावं. मग मोकळ्या, सपाट जागेत चालण्याच्या वेगाने ब्रेक लावा, मग थोड्या जास्त वेगाने. गाडी एका बाजूला ओढत असेल तर रस्त्यावर नेऊ नका. नवे पॅड असतील तर साधारण ५० किलोमीटरच्या वेगावरून मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण न थांबता, मधे मधे गार व्हायला वेळ देऊन.

बाटलीत जमलेलं जुनं ऑइल स्वच्छ दिसलं तरी पुन्हा टाकीत ओतायचं नाही. त्यात पाणी आणि बारीक हवा दोन्ही मिसळलेली असतात. नाल्यातही नाही. झाकण लावून, वापरलेली ऑइल जिथे गोळा करतात तिथे द्या. टाकीतल्या पातळीवर पेनाने रेघ मारून ठेवा. आठ दिवसांनी ती रेघ बघा, आणि चारी निपलांच्या रबरी टोप्या काढून आत बोट फिरवा. बोट कोरडं आलं पाहिजे.